उजव्या बाजूचे दहा चेंडू

सातवीच्या वर्गात फळ्यावर त्रैराशिकाचं गणित मांडत होतो, तेवढ्यात शाळेचा शिपाई दारात आला आणि म्हणाला, "मास्तरानू, बाबल गेलो." सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरता भरता छातीत कळ आली आणि दुकानातच आडवा झाला, एवढं त्याने सांगितलं. मी मान हलवली आणि गणित पुरं केलं. उत्तरही बरोबर आलं. त्या दिवशी मी स्मशानात गेलो नाही. याला आता सहा आठवडे होतील. या पुरवणीच्या संपादकांनी मला बाबलवर लिहायला सांगितलं, कारण आम्ही एका बाकावर शिकलो हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, हे मात्र कोणी सांगितलं नसावं. तेव्हा आधीच सांगतो, बाबलचे गुण गाणारे गावात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही.

बाजारातून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं सायकलचं दुकान होतं. गावातल्या फुटबॉल संघाचे चेंडूही तोच दुरुस्त करी. कातड्याची शिवण उसवली की दाभणाने शिवायची, आतला फुगा फुटला की पंक्चर काढायचं, वरची वादी आवळायची. त्यामुळे संघावरचं बोलणं त्याच्याच दुकानात व्हायचं, आणि बोलणं म्हणजे भांडण. आमचा संघ पगारी होता. गावात एका शेठचा काजूचा कारखाना होता. जो मैदानावर खेळे त्याला शेठ कारखान्यात कामाला ठेवी, वर खेळण्याचे वेगळे पैसे देई. वेंगुर्ल्याला, सावंतवाडीला आमच्या पोरांचा दरारा होता. पण पन्नासचं दशक संपता संपता संघ बसला. ओळीने तीन हंगाम हरलो. शेवटच्या सामन्यात तर सहा गोल खाल्ले आणि आमच्याच लोकांनी आमच्याच खेळाडूंवर नारळाच्या करवंट्या फेकल्या. पोस्टमन म्हणायचा, कप्तान बदला. मासळीचा व्यापारी म्हणायचा, पोरांना बूट घालू नका, अनवाणी पळू द्या. बाबल या सगळ्यांना मूर्ख म्हणायचा, तोंडावर म्हणायचा, आणि ते पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच्याच बाकावर येऊन बसायचे...

संघाचा गोलकीपर माझा धाकटा भाऊ सांतान. अकरा वर्षं तो त्या खांबांमध्ये उभा राहिला. हातमोजे वगैरे आमच्याकडे कोणी पाहिले नव्हते. दोन्ही हातांची बोटं कधी ना कधी मोडून वाकडी झाली होती. शेवटच्या दोन वर्षांत त्याचा उजवा खांदा गेला होता. सावंतवाडीच्या सामन्यात खांबावर आपटला, तेव्हापासून तो हात डोक्याच्या वर जात नसे. घरी त्या खांद्याला तेल मी चोळत असे. बाहेर हे कोणाला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. गोलमधली जागा सुटली तर कारखान्यातली नोकरीही सुटली असती, आणि त्याला तीन लहान मुलं होती.

गोवा मोकळा झाला आणि तिकडचे चांगले खेळाडू पैसे घेऊन इकडे यायला तयार झाले. शेठने निरोप धाडला की संघाचं काय करायचं ते लोकांनीच ठरवावं, नाहीतर तो संघ बंद करील. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर आमच्या शाळेच्या पडवीत पन्नास-साठ माणसं जमली. मी म्हणालो, जुन्यांना एक वर्ष द्या, त्यांच्या बाजूला गावातली नवी पोरं उभी करा. गंमत अशी की मी ख्रिस्ती, माझे अर्धे नातेवाईक गोव्यात, आणि गोव्याचे खेळाडू नकोत म्हणणारा मीच. बाबल उठला. "घर शाकारताना कुजको वासो परत घालतत काय?" त्याने विचारलं. "पाच जण काढा. तिकडचे पाच आणा. आणि पयलो काढूचो तो सांतान. माणूस बरो. पण उजवे बाजूचो बॉल तेका गावणा नाय."

सांतान मागे भिंतीला टेकून उभा होता. सगळ्या माना तिकडे वळल्या. माझ्या अंगाची लाही झाली. मी ओरडलो, "बॉल शिवणारो तू! तुका काय कळता? चल मैदानार, दाखय!"

हो, मीच ओरडलो. तेव्हा सोडून देता आलं असतं, पण लोकांना तमाशा मिळाला होता. सगळी पडवी उठून मैदानावर गेली. बाबल पंचेचाळिशीला आला होता, पण तरुणपणी तो डाव्या बगलेवर खेळलेला. त्याने वहाणा काढल्या, धोतर खोचलं, दहा चेंडू मारीन म्हणाला आणि सगळे सांतानच्या उजव्या हाताला, उंच मारले. पहिले दोन सांतानने कसेबसे अडवले. तिसरा गेला. चौथा गेला. पाचव्याला त्याने झेप घेतली आणि खाली पडताना त्याच्या तोंडून जो आवाज आला तो आजही माझ्या कानात आहे. लोक हसले. त्यानंतर तो झेपावलाच नाही. एक अडवला तो चुकून छातीवर आला म्हणून. दहापैकी सात आत गेले. मी धावत जाऊन बाबलची गचांडी धरली, चार जणांनी मला सोडवलं. या सगळ्यात सांतानने अंगातली जर्सी काढली, नीट घडी केली, गोलच्या रेषेवर ठेवली आणि उघड्याच अंगाने घरी गेला.

कारखान्यातून त्याला कोणी काढलं नाही. तोच दुसऱ्या दिवशी गेला नाही. पंधरा दिवसांनी मुंबईच्या बोटीत बसला. आता गोदीत मुकादम आहे. दोन वर्षांतून एकदा येतो, मैदानाच्या रस्त्याने जात नाही.

तो गेल्यावर मी बाबलच्या दुकानात शिरलो. बाकावरचे लोक उठून गेले. मी विचारलं, "तेचो खांदो मोडलेलो तुका म्हायत होता?"

"म्हायत होता," तो म्हणाला. "म्हणानच थंय मारलंय."

"लाज नाय वाटली तुका?"

तो चाकाची तार आवळत होता. हात थांबले. "वाटली. पण तोंडान सांगान ऐकणारो होतंस तू?"

मी त्याच्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. सायकल हातात धरून दीड मैल चालत जाई, पण पंक्चर दुसरीकडे काढून घेई.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातं ते लिहितो. संघ सुधारला. गोव्याचा नवा गोलकीपर चित्त्यासारखा होता. दोन वर्षांनी सावंतवाडीत आम्ही ढाल जिंकली, आणि शेवटचा चेंडू त्या पोराने अडवला तेव्हा गर्दीत मी उभा राहून ओरडलो. मग पाहिलं, समोरच्या कडेला बाबल उभा होता आणि तो माझ्याकडे पाहत होता. मी खाली बसलो. फुटबॉलबद्दल तो खरं बोलत होता. पण एखाद्या माणसाचं दुखणं साठ जणांपुढे दहा वेळा उघडं करायचा हक्क खरं बोलणाऱ्याला मिळतो का? मला अजून तसं वाटत नाही. आणि मैदानावर चल म्हणणारा मीच होतो हे सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी बाबलने शेवटपर्यंत ते कोणापुढे उकरून काढलं नाही, सांतानलासुद्धा बोलून दाखवलं नाही. याचाही मला राग आहे.

परवा सांतान रजेवर आला. पडावातून धक्क्यावर उतरला तेव्हा मी त्याला बातमी दिली. त्याने ट्रंक माझ्या हातात दिली आणि सरळ बाबलच्या घराकडे चालू लागला. मी मागोमाग गेलो, पुढच्या अंगणात, खळ्यात, उभा राहिलो. दारातून आतलं दिसत होतं. भिंतीवर बाबलचा हार घातलेला फोटो. सांतानने त्याच्यापुढे हात जोडले, मग सवयीने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस काढला. उजवा हात अजून अडखळत वर जातो. नंतर तो जमिनीवर बसला आणि बाबलच्या बायकोशी बराच वेळ बोलत राहिला. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. एकदा दोघं हसलीसुद्धा.

थोड्या वेळाने तो दारात आला. "तू अजून भायरच?" त्याने विचारलं.

आतून बाबलच्या बायकोची हाक आली, "मास्तरानू, चाय घेतल्याशिवाय जाव नकात."

मी म्हटलं, शाळेची वेळ झाली, आणि ट्रंक उचलून निघालो. त्या दिवशी रविवार होता.