क्लेमच्या क्वाडला कूलर

ग्लेनिस ट्रेझाइजच्या शेडवर पाटी होती: ‘मेकॅनिक नाही. दुरुस्ती होते.’

ही पाटी तिने गंमत म्हणून लावलेली नव्हती. आधीच्या पाटीवर नुसतं ‘मेकॅनिक’ होतं, तर पोर्ट मॅडनच्या नगरपालिकेने पत्र धाडलं की प्रमाणपत्र नसताना हा शब्द वापरता येणार नाही. चौदाव्या वर्षी शाळा सोडून, मेंढ्या कातरणाऱ्यांच्या यंत्रांना धार लावत मोठी झालेली बाई, तिने प्रमाणपत्र आणायचं कुठून? ज्यांनी पत्र लिहिलं त्यांचा कचऱ्याचा ट्रक मात्र दर दोन महिन्यांनी बंद पडायचा, आणि ढकलत ढकलत याच पाटीखाली यायचा. ग्लेनिस तो दुरुस्त करायची आणि पावतीवर लिहायची, ‘मेकॅनिक नसलेल्या बाईकडून.’

तिच्या शेजारी क्लेम पेंगेली राहायचा. मिठागरातून निवृत्त झाला आणि साठाव्या वर्षी या माणसाने शर्यतीची क्वाड बाइक घेतली. पिवळीधमक, चार जाडजूड चाकांची, वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारायला बनवलेली. क्लेमला उडी मारायची भीती वाटायची. दर रविवारी तो टेकड्यांवर जायचा आणि गाय चरायला न्यावी तशी ती क्वाड पहिल्या गिअरमध्ये हळूहळू फिरवायचा. आता या इंजिनात पाणी नसतं. ते वाऱ्याने आणि तेलाने थंड राहतं. वारा लागायला पळावं लागतं. क्लेम पळत नव्हता, तेल तापायचं, इंजिन बंद पडायचं, आणि एकदा तापून बंद पडलं की तासभर काही केल्या सुरू व्हायचं नाही. मग कोणाच्या तरी गाडीला दोर बांधून वरात गावात यायची. अकरा वर्षांत ती क्वाड एकदाही आपल्या पायांनी घरी आली नाही. दारूच्या दुकानाबाहेर बसणारे रिकामटेकडे घड्याळ बघून म्हणायचे, “क्लेम आला म्हणजे चार वाजले.”

“अरे, जोरात चालव की,” ग्लेनिस सांगायची.

“मला कुठे घाई आहे?”

“मग कूलर तरी बसवू दे. तेल बाहेर काढायचं, जाळीतून फिरवायचं, थंड करून परत आत सोडायचं. एका दिवसाचं काम.”

“राहू दे गं. चांगल्या गाडीला भोकं कशाला पाडायची?”

जानेवारीत क्लेमच्या फुप्फुसांनी हात टेकले. ग्लेनिस दवाखान्यात भेटायला गेली, तेव्हा त्याने बहिणीला, बेरिलला, चहा आणायला पिटाळलं आणि म्हणाला, “मी गेलो की मला क्वाडने न्यायचं. पेटी ट्रेलरवर, ट्रेलर क्वाडला.”

“जिवंतपणी तुला ती घरी आणता आली नाही. मेल्यावर तुला कुठे नेणारे?”

“म्हणूनच तर. एकदा तरी दोर न लावता पोचायचंय. पार खड्ड्यापर्यंत.”

“आणि मधेच बसली तर?”

“तर गाव हसेल. मला ऐकू येणार नाही, तुला येईल.” जरा दम घेऊन तो म्हणाला, “तो कूलर बसव आता.”

“अकरा वर्षं घसा कोरडा केला मी.”

“तेव्हा घाई नव्हती.”

ग्लेनिसने शब्द दिला. बेरिल चहा घेऊन आली तोवर दोघं क्रिकेटवर बोलत होते.

क्लेम गेला, आणि नगरपालिकेतून लेस्टर हॉब आला. सार्वजनिक रस्ते आणि दफनभूमी या दोन्हींचा अधिकारी. या लेस्टरच्या लहानपणी त्याच्या सायकलची पंक्चरं ग्लेनिसने फुकट काढलेली, पण गळ्यात ओळखपत्र आलं की माणसाची स्मरणशक्ती जाते.

“परवानगी मिळेल, मिसेस ट्रेझाइज,” तो म्हणाला, “पण वेग ताशी सहा किलोमीटर. त्यावर नाही. पुढे माझी गाडी राहील. तिला मागे टाकायचं नाही.”

“लेस्टर, सहा किलोमीटर म्हणजे काय हे तुला कळतं का? ही गाडी पहिल्या गिअरमध्ये नुसती सोडली तरी दहाने जाते. एवढ्या हळू न्यायची म्हणजे तीन किलोमीटर क्लच घासत न्यायची. इंजिन भाजून निघेल.”

“अंत्ययात्रेची शोभा राहायला हवी. नियमात तसं आहे.”

“नियम कोणी केला?”

“मीच केलाय. काल.”

त्याला शेडबाहेर काढून ग्लेनिस कामाला लागली. मोडीत गेलेल्या गव्हाच्या कापणीयंत्राचा कूलर तिच्याकडे पडून होता, पुस्तकाएवढा, बारीक पत्र्यांचा. तिने तो क्वाडच्या नाकावर, दोन दिव्यांच्या मधे बसवला. नळ्या जोडायची तोंडं वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे आत हवा कोंडत नाही. एक नळी गरम तेल आणणारी, एक थंड तेल परत नेणारी, दोन्ही धुराड्याच्या पाइपापासून वीतभर लांब. जाळीत जेवढं तेल मावेल तेवढं जास्तीचं ओतलं. हँडलवर तापमानाचा काटा लावला. मग ट्रेलरवर क्लेमच्या वजनाची मेंढ्यांच्या खाद्याची पोती बांधली आणि शेडमागच्या रस्त्याने ताशी सहाने निघाली.

पंधराव्या मिनिटाला काटा एकशे चाळीसवर, इंजिन बंद पडायच्या बेतात.

तिने पोत्यांसकट साठचा वेग धरला. काटा सुरसुर करत शंभरच्या खाली.

म्हणजे कूलर बरोबर होता. चूक होती ती नियमाची. जाळीला वारा हवा, आणि लेस्टरने नेमका वाराच बंद केला होता. ग्लेनिसने उभ्या जागी त्याच्या चार पिढ्यांचा उद्धार केला आणि एका जुन्या गाडीचा पंखा काढून जाळीवर बसवला. क्वाडच्या विजेला तो झेपेना, म्हणून ट्रेलरवर, पोत्यांच्या पायथ्याशी वेगळी बॅटरी ठेवली. पुन्हा ताशी सहा. एकशे दहा, एकशे पंधरा, तिथेच काटा थांबला. जमलं.

अंत्ययात्रेच्या दिवशी ऊन एक्केचाळीसचं होतं आणि माश्यांनी ताळतंत्र सोडलं होतं. सगळं गाव काळे कपडे घालून, तोंडावरून हात फिरवत चर्चबाहेर उभं. रिकामटेकडेही दाढ्या करून आले होते. पिवळ्या क्वाडमागे बोटीचा ट्रेलर, ट्रेलरवर चार पट्ट्यांनी बांधलेला क्लेम. ग्लेनिसने नवऱ्याचा जुना कोट घातला होता. आणि क्वाडच्या नाकावर, कूलरला पूर्ण झाकून, बैलगाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र.

“बेरिल, हे काय लावलंयस?”

“ते जाळीचं ध्यान दिसायला नको गं. चारचौघात बरं नाही वाटत.”

“अगं बाई, तेच तर नाक आहे तिचं. नाक दाबून चालवू का?” तिने चक्र उचलून पेटीवर ठेवलं. त्याची साटीनची लांबलचक फीत मात्र दिव्यात अडकून तुटली आणि तिथेच लोंबत राहिली. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

यात्रा निघाली. पुढे लेस्टर, छपरावर नारिंगी दिवा फिरवत. मागे क्वाड, मागे पाद्री आणि गाव, पायी. पहिला किलोमीटर झकास गेला. काटा एकशे बारा. दारूच्या दुकानावरून जाताना ग्लेनिसने मान एवढी ताठ ठेवली की तिला रस्ता दिसेना.

गव्हाच्या कोठारापाशी क्वाडच्या नाकातून ‘खर्र’ आवाज आला. फीत पंख्यात गेली, गुंडाळली, आणि पंखा थांबला. एकशे वीस. एकशे सव्वीस. यात्रा थांबवून फीत सोडवायची, तर उभ्या इंजिनाला तेवढाही वारा नाही, आणि बंद केलं तर तासभर खेळ खलास. दोर आणायला अर्धं गाव एका पायावर तयार होतं. एकशे बत्तीस.

ग्लेनिसने मागे वळून पेटीकडे पाहिलं. “क्लेम, घट्ट धर,” म्हणाली, आणि अंगठ्याने ॲक्सिलरेटर दाबला.

लेस्टरला आरशात क्वाड दिसली, मग खिडकीत दिसली, मग पुढच्या काचेत दिसली. ताशी सत्तरने क्लेम पेंगेली त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वेगवान प्रवास करत होता. पुष्पचक्र उडालं आणि रस्त्यावरून घरंगळत यात्रेच्या स्वागताला परत आलं. मागे पाद्र्याने झगा गुडघ्यापर्यंत धरला आणि पळायला सुरुवात केली. पाद्री पळतोय म्हटल्यावर गावही पळालं. काटा शंभर.

दफनभूमीच्या फाटकाला कुलूप होतं. किल्ली लेस्टरकडे.

थांबायची सोय नव्हती. ग्लेनिसने क्वाड कुंपणाच्या कडेने वळवली आणि दफनभूमीला चक्कर मारली. मग दुसरी. लेस्टर येऊन उतरला, तेव्हा ती चौथीला होती. एका फेरीला एक मिनिट लागायचं आणि फाटकासमोर जेमतेम एक वाक्य बोलता यायचं.

“फाटक उघड, लेस्टर.”

धूळ. एक मिनिट.

“तुम्ही मला मागे टाकलंत. परवानगी रद्द.”

एक मिनिट.

“रद्द म्हणजे काय? घरी परत नेऊ त्याला?”

एक मिनिट.

“आधी थांबा. थांबून बोला.”

एक मिनिट.

“थांबले की ती बसते. तेवढं सोडून बोल.”

तोवर गाव धापा टाकत पोचलं होतं. लोक फाटकाशी अर्धवर्तुळ करून उभे राहिले. पेटी समोरून गेली की टोप्या काढायचे, गेली की घालायचे. पाद्र्याने मिळेल तेवढ्या वेळात प्रार्थना सुरू केली. एका फेरीला एक ओळ. बेरिल आधी रडत होती. आठव्या फेरीला तिला हसू फुटलं, आणि मग दोन्ही एकदमच सुरू झालं.

“लेस्टर,” ती नाक पुसत म्हणाली, “माझ्या भावाला भोवळ येईल रे. उघड.”

लेस्टरने सगळ्यांकडे पाहिलं. कोणीही त्याच्या बाजूचं दिसेना. किल्ली लावताना तो पुटपुटला, “मी हे अहवालात लिहिणार आहे.”

दहाव्या फेरीला फाटक उघडं मिळालं. आत दोनशे मीटर थडग्यांमधून पुन्हा चालीनेच जायचं होतं. काटा चढू लागला. एकशे दहा, एकशे वीस. गाव दोन्ही बाजूंनी, श्वास रोखून. एकशे एकोणतीसवर पुढचं चाक खणलेल्या मातीला टेकलं. ग्लेनिसने किल्ली फिरवली. तिनेच फिरवली, इंजिन आपण होऊन बंद पडलं नाही, आणि हे गावातल्या प्रत्येकाने पाहिलं. रिकामटेकड्यांपैकी एकाने सवयीने घड्याळाकडे पाहिलं आणि तो हात खिशात घातला.

क्लेमला खाली सोडलं. सगळे चहा प्यायला आणि खिमा भरलेल्या पेस्ट्या खायला गावातल्या हॉलकडे निघाले, तेव्हा लेस्टर कागद घेऊन आला. नियमभंगाचा नमुना. ग्लेनिस क्वाडच्या चाकाला टेकून मातीतच बसली होती. तिने मांडीवर ठेवून तो भरला. नियमभंगाचं कारण: ‘तेल.’ चालकाचा व्यवसाय: ‘मेकॅनिक.’ लेस्टरने तो शब्द पाहिला आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

शेवटचा प्रश्न होता, वाहन घटनास्थळी ओढून आणावे लागले काय. ग्लेनिसने तिथे लिहिलं, कागद परत दिला आणि म्हणाली, “वाच.”

“काय?”

“शेवटचं. मोठ्याने वाच. त्याच्याकडे तोंड करून.”

लेस्टर खड्ड्याकडे वळला, घसा खाकरला. “नाही,” त्याने वाचलं.