दर्यावाले भाई

काहीही विचारलं की ते आधी तर्जनी वर करत आणि क्षणभर गप्प राहत. मग म्हणत, "थांबा. खालची खबर वर यायला टाइम लागतो." चहात साखर किती, असं विचारलं तरी हेच.

आमच्या गल्लीत सगळे त्यांना दर्यावाले भाई म्हणत. मूळचे इथल्याच पिशोर गावचे. आपल्या संभाजीनगरपासून समुद्र किती लांब, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आणि हा माणूस खोल समुद्रात तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या जहाजावर ड्रिलर होता. महिनाभर जहाजावर, महिनाभर घरी. वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून मी बसमधून उतरलो की ते नाक्यावरच्या हॉटेलात माझी वाट बघत बसलेले असत.

"अवघड काय एवढं त्यात?" मी एकदा विचारलं. बोअर पाडताना आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं.

बोट वर गेलं. "तुमच्या गच्चीवरून शिवणाचा दोरा खाली सोडा अन् रस्त्यावरच्या बाटलीच्या तोंडात घालून दाखवा. अन् सोडताना तुम्ही झोक्यावर बसलेले पायजे."

पाणीच दोन किलोमीटर खोल. तिथं नांगर टाकून भागत नाही. पाण्याखालचे पंखे सतत फिरत राहून जहाजाला जागेवर धरतात. विहिरीत जड चिखल भरून ठेवायचा, म्हणजे खालचा गॅस दबून राहतो. "चिखल हलका पडला तर गॅस वर येतो. लई जड झाला तर खालचा खडकच फुटतो. दोन्हीच्या मधी इतकुशी जागा असती. तिथं ऱ्हायचं."

भाभी आतून टोमणा मारायच्या, "दो किलोमीटर नीचे का सब समझता इनको. घर का नल कब से टपक रा, वो नै दिखता." भाई हसत पाना शोधायला उठायचे.

पाच वर्षांपूर्वी भाभींना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते जहाजावर होते. मुलगी बारावीला होती. हॉस्पिटलातून तिनं फोन लावला तेव्हा मी शेजारी उभा होतो. "अब्बा, लगेच निघा," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी जहाजावरून हेलिकॉप्टर निघालं, त्यात भाई नव्हते. तिसऱ्या दिवशी पहाटे भाभी गेल्या. भाई पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

मुलीनं दारातच विचारलं, "त्या हेलिकॉप्टरमध्ये तुमच्यासाठी जागा होती?"

"व्हती."

"बसला असतात तर अम्मी भेटली असती ना?"

"व्हय."

ती आत निघून गेली. वर्षभरात फार्मसी शिकायला पुण्याला गेली. फोन करायची, पण कामापुरता. भाईंनी समुद्र कायमचा सोडला.

एकदा मीच विषय काढला, तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या दिवशी विहिरीत गॅस शिरला होता. समुद्राच्या तळावरचा व्हॉल्व्ह बंद करून तो थोडा थोडा बाहेर काढायचं काम चालू होतं. जरा चुकलं असतं तर जहाज पेटलं असतं. अशातच दुसऱ्या ड्रिलरचा हात यंत्रात सापडला. त्याला हेलिकॉप्टरनं पाठवलं. बदली माणूस यायला दोन दिवस होते. ती विहीर ओळखणारे आता एकटे भाईच उरले होते, आणि जहाजावर दीडशे माणसं होती.

"मग हे पोरीला सांगत का नाही?"

या वेळी बोट वर गेलं नाही. "सांगितलं तर तिला मला माफ करावं लागंल. दीडशे माणसांपुढं ती काय बोलणार? अम्मी तर ऱ्हायली नाय. राग तरी राहू द्या तिच्याजवळ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हीबी बोलू नका."

मी बोललो नाही. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी भाई झोपेतच गेले. मुलगी पुण्याहून आली, वेळेत पोचली, चेहरा बघितला. रडली नाही. तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे बसली होती, आणि मी भाईंना दिलेला शब्द मोडला. बरोबर केलं की चूक, तुम्हीच ठरवा.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग विचारलं, "ते दीडशे लोक घरी पोचले?"

"सगळे."

तिनं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

"काका," ती म्हणाली, "चार वर्षांत मी त्यांना एकदाही 'जेवलात का' म्हणून विचारलं नाही."