अंधार पडल्यावरची भूक

चंदनबाला मगदूमच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी काही खात नाही. सांगलीजवळ नांद्र्यात, जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, मागच्या गल्लीत त्यांचं घर. आई ऐंशी ओलांडून गेली, तरी अजून पश्चिमेकडे एक नजर टाकूनच ताटं वाढायला सांगते. चंदनबालाची सगळी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत गेली. लग्नाचं कुणी काढलं की ती विचारायची, "मग नेमूला कोण बघणार?"

नेमू म्हणजे धाकटा भाऊ नेमिनाथ. कॉलेजात असल्यापासून त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. गोळ्या घेतल्या की घरच्या द्राक्षबागेत सगळ्यांच्या बरोबरीनं राबतो. गोळ्या सोडल्या की घर सोडून जातो. मागच्या वर्षी तो असाच चालत निघाला आणि कऱ्हाडच्या पुढं सापडला. तेव्हापासून साताऱ्याकडच्या सरकारी मनोरुग्णालयात आहे.

तिथं रुग्णांच्या नातेवाइकांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा ही माणसं वॉर्डांतून फिरतात. नळाला पाणी आहे का, संडासाला कडी आहे का, पांघरुणं धुतली जातात का, कुणी हात उगारतं का, सगळं बघतात, विचारतात आणि शेवटी डॉक्टरांसमोर बसून तोंडावर सांगतात. गटाचा एक नियम पक्का आहे. आपलं माणूस ज्या वॉर्डात, तिथं पाहणीला आपण जायचं नाही. आपलं माणूस समोर असलं की बाकीचे दिसत नाहीत.

म्हणून चंदनबाला बायकांच्या वॉर्डात जायची. तिथं जतच्या बनाबाईची लेक माया होती. आणि नेमूच्या वॉर्डाकडं बनाबाई बघायची. बनाबाईचं घर मेंढपाळाचं. ती मोठ्यानं बोलायची आणि कुणाच्याही खाटेवर बिनदिक्कत बसायची.

त्या महिन्यात चंदनबालाचा जीव टांगणीला लागला होता. नेमूला पंधरा दिवसांची रजा मिळणार होती. घरी नीट राहिला तर पुढं कायमचं सोडणार होते. आईनं त्याची खोली शेणानं सारवून घेतली होती. पण वॉर्डाचे तरुण डॉक्टर राजवर्धन म्हणाले, "रजा थांबवावी लागेल, ताई. त्याच्या गादीखाली रोज चपात्या सापडतात. का ठेवतोस म्हटलं तर बोलत नाही. आजार परत उचल खातोय का, बघू दे."

चंदनबालानं मान हलवली. डॉक्टरांशी वाद घालणारी ती नव्हती. आईला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

दुपारभर पाहणी झाली. एरवी बनाबाई बैठकीला न थांबता चारच्या एसटीनं जायची. त्या दिवशी गाडी चुकली म्हणून संध्याकाळचं जेवण होईपर्यंत थांबली. मग ओट्यावर चंदनबालाशेजारी येऊन टेकली.

"आवं ताई, पाचला जेवाय घालत्यात हितं. व्हय?"

"रोज पाचलाच. उजेडात," चंदनबाला म्हणाली. "इथली ती एक गोष्ट चांगली आहे. मी बैठकीत दर वेळी सांगते."

"तुमी सांगता?" बनाबाई हसली. "तुमचं काय, तुमी चिमण्यांच्या पंगतीला बसणारी मानसं. आमी मेंढरं कोंडून, दिवं लागल्यावर जेवतो. पाचला जेवून सकाळच्या आठपतूर काय खायाचं गड्यांनी?"

चंदनबालानं बोटांवर तास मोजले, पंधरा भरले. तिला स्वतःला उजेडात जेवायची सवय होती. पण तिच्या घरी सकाळी उजाडल्या उजाडल्या आई पोहे पुढं ठेवायची.

"आनि तुमचा भाऊ," बनाबाईचा आवाज एकदम खाली आला. "त्यानं मला कायतरी सांगितलं. अक्काला सांगू नका म्हनलाय, म्हनून मी सांगत न्हाई. तुमीच जावा आनि इचारा. आनि इचारताना आईचं नाव काढू नका."

नेमू वऱ्हांड्याच्या जाळीला टेकून बसला होता. चंदनबाला त्याच्याजवळ खालीच बसली.

"नेमू, रात्री भूक लागते?"

त्यानं जाळीत बोटं अडकवली.

"या गोळ्यांनी लागत असेल," ती म्हणाली. "मला कळलं नाही."

तो म्हणाला, "लय लागते, अक्का. मग चपाती खातो. अंधारात."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"ते तुला सांगणार. तू घरी सांगणार." त्यानं हाताची नखं चोळली. "येडा झालो ते झालो. आता खाणंपण बाटलं म्हणतील."

रजा गेली तरी चालेल, पण घरच्यांना कळू नये, असं या माणसानं मनाशी ठरवलं होतं. आणि ज्या पाचच्या जेवणानं हे झालं, त्याचं कौतुक महिन्यामागून महिने तीच करत आली होती.

"डॉक्टरांना आता मी सांगू?" तिनं विचारलं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

डॉक्टर राजवर्धननी सगळं ऐकून घेतलं. कपाळ चोळत म्हणाले, "गोळ्यांनी भूक वाढते हे मला माहीत होतं. पण तो लपवतो म्हटल्यावर माझं लक्ष आजाराकडंच गेलं." रजा त्यांनी तिथंच मंजूर केली. जेवण सातला न्यायचं तर स्वयंपाक्यांच्या पाळ्या बदलाव्या लागतील, त्याला वरून परवानगी हवी, असंही सांगितलं. तोवर सगळ्या वॉर्डांना झोपायच्या आधी दूध आणि पाव द्यायचं ठरलं.

संध्याकाळच्या बैठकीत चंदनबाला उठून उभी राहिली. "पाचचं जेवण चांगलं, असं मी म्हणायची. ते माझ्या घरापुरतं चांगलं. माझं म्हणणं मागं घेते."

"बसा आता," बनाबाईनं तिचा पदर ओढला. "माझी सातची गाडी बी जाईल."

घरी आल्यावर चंदनबालानं आईला काहीही न लपवता सांगितलं. आई भिंतीला टेकून जपाची माळ ओढत होती. माळ थांबली.

"अंधार पडल्यावर चूल पेटायची नाही," ती म्हणाली. "या घरात ते व्हायचं नाही."

"बरं."

"पण दिवसाउजेडी भाजलेली भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली, तर तिला कोण काय म्हणणार? औषधाबरोबर घ्यायची म्हटल्यावर तीपण औषधच." तिनं माळ पुन्हा हातात धरली. "त्याच्या खोलीतच ठेव. स्वयंपाकघरात यायला लाजेल तो."

शनिवारी नेमू घरी आला. उजेड होता तोवर तो सगळ्यांबरोबर जेवला. दिवे लागल्यावर आई स्वतः उठली, भिंतीचा आधार घेत त्याच्या खोलीपर्यंत गेली, भाकरीचं फडकं खाटेवर ठेवलं आणि बाहेर येताना दार ओढून घेतलं.