बायकांच्या इसीजीवरची पिवळी पट्टी

सकाळपासून चौथ्यांदा लॅपटॉपवर पिवळी पट्टी आली. देवयानी मॅडमनी उठून पंखा बंद केला. मग ट्यूबलाइट बंद केली. मग मला विचारलं, "शैलाताई, मोबाइल आहे का अंगावर?"

"बाहेर पिशवीत आहे."

"मग ही गडबड येते कुठून?"

टेबलावर पार्वतीबाई झोपल्या होत्या. वरळी कोळीवाड्यातल्या, मासळी विकणाऱ्या. पित्ताशयात खडे झाले होते, ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी हृदय नीट आहे ना, हे बघायला इसीजी काढायचा होता.

"काय गो बाय, काय बोलते तुमची मशीन?" त्यांनी झोपल्या झोपल्या विचारलं.

"ती म्हणते, खात्री नाही," मॅडम म्हणाल्या.

"बरी आहे मग. माझा मालक तर वारा पण त्याला विचारून फिरतो असं बोलतो."

मॅडम हसल्या. मी हसले नाही, कारण आदल्या आठवड्यात पार्वतीबाईंचा इसीजी मीच काढला होता. तो कागद बघून आमचे मुख्य डॉक्टर, मोठे सर, म्हणाले होते, जुना अटॅक येऊन गेल्यासारखं दिसतंय, ऑपरेशन थांबवा. तेव्हापासून पार्वतीबाईंनी टोपली सुनेकडे दिली होती. जिना चढत नव्हत्या, जेवण अर्ध्यावर आलं होतं. पोटातली कळ मात्र थांबली नव्हती.

आता थोडं समजावून सांगते. मी परळच्या एका लहान ट्रस्ट हॉस्पिटलात आया म्हणून लागले. सहा वर्षांपूर्वी एक टेक्निशियन सोडून गेला, तेव्हापासून सकाळी बायकांचा इसीजी मी काढते. दुपारी पुरुषांचा प्रदीप काढतो. इसीजी म्हणजे हृदयात जी बारीक वीज फिरते तिची कागदावरची रेघ. हातापायांना चार चिमटे लावायचे आणि छातीवर जेली लावून सहा रबरी फुगे बसवायचे. फुगा दाबून सोडला की कातडीला चिकटतो. सहा फुगे म्हणजे एकाच हृदयाकडे सहा खिडक्यांतून बघणं.

देवयानी मॅडम डॉक्टर आहेत, पण औषधाच्या नाहीत, कॉम्प्युटरच्या. दादरला राहतात. त्यांचं संशोधन असं की या रेघेत पंख्याची, श्वासाची, हात हलल्याची जी गडबड मिसळते ती आधी गाळून काढायची, तांदळातले खडे काढतात तशी. मग उरलेली रेघ कॉम्प्युटरने वाचायची. असं वाचणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत म्हणे. पण ते विचारलं की उत्तर देतातच. मॅडमचा प्रोग्रॅम उत्तराबरोबर स्वतःला किती खात्री आहे तेही सांगतो. हिरवी पट्टी म्हणजे ठीक. लाल म्हणजे दोष. पिवळी म्हणजे खात्री नाही, माणसाने बघावं.

दुपारी पट्ट्या हिरव्या-लाल यायच्या, पिवळी क्वचित. सकाळी पिवळ्यांची रांग लागायची.

मॅडम आठवडाभर कारण शोधत होत्या. शेजारच्या एक्स-रेच्या खोलीवर संशय घेतला, लिफ्टवर घेतला. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासलं. शेवटी म्हणाल्या, "मला वाटतं दोष माझाच आहे. प्रोग्रॅमला शिकवताना मी जे इसीजी दाखवले त्यात बायका फार कमी होत्या. त्याने बायका बघितल्याच नाहीत, म्हणून तो अडतो."

मला ते ऐकून बरं वाटलं. का वाटलं, ते तेव्हा कळलं नाही.

पार्वतीबाई टेबलावर होत्या त्याच सकाळी मोठे सर खोलीत आले. "मॅडम, शुक्रवारी ट्रस्टी येतायत. त्यांना काय दाखवू? सगळं पिवळं? मग ते म्हणणार, खात्री नाही हे सांगायला मशीन कशाला, आमचे डॉक्टर आहेत की."

"सर, नसलेली खात्री दाखवू कशी?"

"मग शिकवा त्याला. सहा वर्षांचे बायकांचे इसीजी आपल्या मशीनमध्ये आहेत, प्रत्येकावर माझं रिपोर्टिंग आहे. सगळे घाला."

"त्याने नक्की फरक पडेल," मॅडम म्हणाल्या.

सर पार्वतीबाईंकडे वळले. "आजी, उद्या परत एकदा काढू. तसंच आलं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागेल, मग कदाचित अँजिओग्राफी."

"म्हणजे हृदयात वायर घालतात ती?"

"गरज लागली तरच."

पार्वतीबाई टेबलावरून उतरल्या. चपला घालून गेल्या.

सर गेल्यावर मॅडमनी मला पडद्यावर दोन इसीजी शेजारी शेजारी दाखवले. एक दुपारचा, एक माझा. "हे बघा. पहिल्या फुग्यापासून चौथ्यापर्यंत ही वरची लाट मोठी होत जायला हवी. तुमच्या बायकांत ती वाढतच नाही. जुन्या अटॅकमध्ये असं होतं. पण इतक्या बायकांना अटॅक येऊन गेला असेल का? प्रोग्रॅम तिथेच अडतो. लाट म्हणते अटॅक, बाकी सगळं म्हणतं ठीक."

"लाट कशाने लहान होते?" मी विचारलं. मी सहसा विचारत नाही.

"हृदयाने होते. किंवा खिडकीने. खिडकी फार वर असली की समोरचं घर दिसत नाही, नुसतं छप्पर दिसतं."

मी जेलीची बाटली पुसत होते. ती पुसतच राहिले.

मला इसीजी प्रदीपने शिकवला. एका वॉचमनला झोपवून त्याच्या छातीवर फासळ्या मोजून दाखवल्या. चौथ्या-पाचव्या फासळीच्या खाली, इथे, इथे आणि इथे. बाईवर कसं ते त्याने दाखवलं नाही. त्याला संकोच वाटला आणि मलाही. त्या खोलीच्या दाराला पडदा नाही. वॉर्डबॉय कागद घ्यायला येतो, नातेवाईक डोकावतात. आमच्या वॉर्डातल्या जुन्या मावशींनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, बाईमाणसाची लाज आपण राखायची. म्हणून मी बायकांना ब्लाउज काढायला लावत नसे. वरची दोन हुकं सोडायची, आणि जेवढी जागा मोकळी होईल तेवढ्यात सहाही फुगे बसवायचे. बायका खूश असायच्या. शैलाकडेच काढा, तिचा हात हलका आहे, असं म्हणायच्या.

घरी चिंचपोकळीला चालत गेले. भाकऱ्या करताना पिठाच्या हाताने स्वतःच्याच फासळ्या मोजत होते. चौथ्या फासळीशी माझा हात बराच खाली आला. माझे फुगे तिथे कधीच पोचले नव्हते. भाकरी करपली. मुलीने विचारलं, "आई, छातीत दुखतंय का?" मी नाही म्हटलं. तिने परत विचारलं आणि तवा उतरवला.

सांगितलं तर इसीजीची खोली जाणार. परत बेडपॅन उचलायचे, याचं मला फार वाटत नव्हतं. पण चौथी शिकलेल्या बाईला मशीनला हात लावू दिला, असं म्हणतील, याचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई आल्या. मॅडम बाहेर फोनवर होत्या. मी दार लावलं, आतून स्टूल टेकवलं, दारावरच्या काचेला चादर अडकवली.

"आज ब्लाउज पूर्ण काढायचा," मी म्हटलं.

"का गो? आज काय नवीन?"

"आज नीट काढायचाय."

"मग त्या दिवशी काय होता?"

मी चिमटे लावले. फासळ्या मोजल्या. छाती उचलून धरायला सांगितली आणि खालचे फुगे तिच्या खाली बसवले. एक फुगा दोनदा सुटला. मग बटण दाबलं. कागद सरकत आला. पहिली लाट छोटी, दुसरी तिच्याहून मोठी, तिसरी आणखी मोठी, चौथी कागदाच्या रेघा ओलांडून वर.

पार्वतीबाईंना पदर घेऊ दिला आणि दार उघडलं. मॅडमनी लॅपटॉप जोडला. हिरवी पट्टी आली.

मॅडमनी वायर काढून परत लावली. परत हिरवी. सरांना बोलावलं. सरांनी दोन्ही कागद एकावर एक धरले. "अरे वा. सुधारला की प्रोग्रॅम."

"मी काहीच बदललं नाही, सर. प्रोग्रॅम कालचाच आहे."

"मग उत्तमच. आता जुने सगळे घाला, शुक्रवारपर्यंत पक्का करून टाका."

इथे मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पार्वतीबाईंचं काम झालं होतं. पण जुने इसीजी आत गेले की प्रोग्रॅम माझ्या वरच्या खिडकीलाच खरं मानणार होता. मग तो चुकला तरी पिवळी पट्टी आली नसती.

"जुने घालू नका," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला. सर दाराकडे वळले होते, त्यामुळे परत म्हणावं लागलं. "सर, जुने घालू नका. ते मी वर लावून काढलेत."

"वर म्हणजे?"

मी माझ्या साडीवरूनच हाताने जागा दाखवली. आधी इथे. आज इथे.

"किती दिवस?"

"सहा वर्षं. सगळ्या बायकांचे."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. ते कागदाकडे बघत म्हणाले, "सहा वर्षं मीच वाचतोय ते." आणि खुर्चीवर बसले.

टेबलावरून पार्वतीबाई म्हणाल्या, "म्हणजे मला अटॅक आलाच नव्हता?"

"नसावा," सर म्हणाले. "तरी इको करून खात्री करू."

"मासळी सकाळी ताजी असते, नंतर शिळी होते. माझं हृदय आधी शिळं होतं, आज ताजं झालं. असा धंदा मी केला असता तर गिऱ्हाईकाने टोपली उलटी केली असती." हे त्या माझ्याकडे बघून बोलल्या. मी मान खाली घातली.

इको चांगला आला. ऑपरेशन झालं. शुक्रवारी ट्रस्टींना सरांनी पिवळ्या पट्ट्याच दाखवल्या आणि त्यांचं कारणही सांगितलं. माझं नाव घेतलं नाही.

मला महिनाभर खोलीतून काढलं. सकाळी प्रदीप बसला. त्याला बघून काही बायका इसीजी न काढताच परत गेल्या. मग मला परत बोलावलं, दाराला जाड हिरवा पडदा लागला आणि मॅडमनी बाईच्या शरीराचं चित्र भिंतीवर चिकटवलं. प्रदीप ते चित्र न बघता ये-जा करतो.

राहिलं ते एवढंच. ज्या बायकांच्या कागदावर सरांनी जुना अटॅक असं लिहिलं होतं त्यांची फाइल काढली आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फोन करून परत बोलावते. काहीजणी येतात. काहींचे नंबर बंद आहेत. काहींचे पत्ते बीडीडी चाळीचे आहेत, आणि त्या इमारती आता पाडल्या. माणसं कुठे गेली, कुणी नीट सांगत नाही. त्यातल्या कुणी जिने चढणं सोडलं असेल, कुणी काम सोडलं असेल.

मॅडमच्या प्रोग्रॅमला कळलं नाही तेव्हा तो तसं म्हणाला. मला बाईवर फुगे कुठे लावायचे ते माहीत नव्हतं आणि मी तसं म्हटलं नाही. सहा वर्षं मी हिरवी पट्टीच दाखवत होते.

फाइलमध्ये अजून बरीच पानं आहेत. उद्या पुढच्या पानापासून फोन लावायचे आहेत.