नाल्यावरचा मोह आणि मंगरूचा खराटा

लग्न होऊन मी या गावात आले, त्याच सालची गोष्ट. होळी यायची होती. मी कोठ्यात शेण काढून राहिले होते, आणि कुडाच्या पलीकडे माझे सासरे नत्थूलाल आणि मंगरूचा बाप जागेश्वर भांडत होते. जागेश्वर म्हणत होता,

“नाल्यावरचा मोह आमचा होय. मी खालीच बसलो होतो काल पहाटेले. तुम्ही येऊन जाळलं.”

“मंग बसून काऊन राहिलास? पेटवाचं होतं!”

यावर जागेश्वर काहीच बोलला नाही. माणूस बोलायचा थांबला म्हणजे तो खोटा, असं तेव्हा मला वाटलं. सोळा वर्षांची होते.

आमच्याकडे मोहाची फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करत. साफ जागेवर फूल दिसतं, वेचता येतं. आणि जंगलातल्या झाडाला काही सातबारा नसतो. ज्यानं खालची जागा साफ केली त्याची त्या सालची फुलं, आणि सालोसाल केली की झाडही त्याचं. खाली काळा गोल दिसला की दुसरा कोणी हात लावत नसे. आग मात्र गोलात राहत नसे. कधी कधी पार डोंगरावर चढायची.

असा तो मोह आमच्या घरी आला. सासरे गेले, नवरा गेला, धानाची बांधी मुलाच्या, तिलकच्या, नावावर झाली. मोह तेवढा माझा राहिला. केशोरीच्या बाजारात फुलं विकली की त्या पैशाचं काय केलं, हे मला कोणी विचारत नसे. म्हातारपणी न विचारलेला पैसा फार गोड लागतो.

मग दोन हजार नऊ साल आलं. जंगलावर गावाचा हक्क लागणार म्हणून ग्रामसभा रोजच बसू लागली. वनसमितीचा सचिव शालीकराम उभा राहून सांगे, “धूर आपला, तं पिणारं जंगलबी आपलंच पायजे. गाव जेवढा धूर सोडते तेवढा आपल्याच झाडांनी पिऊन टाकला पायजे.”

मी विचारलं, “धूर मोजता कशानं गा? पायलीनं का कुडोनं?”

सगळे हसले. शालीकरामही हसला आणि लगेच नियमांवर आला. तेव्हाच मला वास आला की यात काहीतरी आहे.

नियम तीन ठरले. ज्याच्याकडे जनावरं त्यानं गोबरगॅस बांधायचा. हिरवं लाकूड तोडायचं नाही. आणि मोहाखाली आग बंद. पहिले दोन मी ऐकून घेतले. तिसऱ्यापाशी मी अडले. आग बंद, तर झाड कोणाचं हे कळणार कसं?

तेवढ्यात मागून मंगरू उठला. माझ्याच वयाचा, वाळलेला, कधी दोन शब्द न बोलणारा माणूस. म्हणाला, “पाला मी झाडतो जी. उन्हाळाभर. सगळ्याच झाडांखाली.”

ग्रामसभेनं त्याला वर्षाला घरटी पायलीभर धान ठरवून दिलं.

शेजारची रुख्मा माझ्या कानाला लागली, “बाई व, जो साफ करते त्याचं झाड. हा खराट्यानं अख्खं जंगल नावावर करते पाय!”

मला अख्ख्या जंगलाचं काय? पण माझ्या मोहाखाली जागेश्वरचा मुलगा झाडणार, म्हणजे बापाचं उट्टं काढणार, हे मला लख्ख दिसत होतं. दुसऱ्या दिवशी फटफटताच मी जाऊन एका पळसामागे बसले. मंगरू आला, बुंध्यापासून गोल गोल झाडत बाहेर गेला, पाला खड्ड्यात लोटला, खराटा खोडाला टेकवला, नाल्यावर पाणी प्यायला आणि गेला. एका फुलाला हात लावला नाही. मला वाटलं, आज नाही लावला, उद्या लावेल.

तिसऱ्या दिवशी तो मान वर न करता म्हणाला, “बाई, त्या पळसाखाली लाल मुंग्या हायेत.”

चार उन्हाळे असेच गेले. मग शालीकरामनं एक रजिस्टर आणलं. आता काळे गोल उरले नव्हते, म्हणून कोणता मोह कोणाचा ते लिहून ठेवायचं होतं. वाचता वाचता तो नाल्यावरच्या मोहापाशी आला. तिलक म्हणाला, “आमचा.” शालीकरामनं सभेकडे पाहिलं, “कोणाची हरकत?” मी मंगरूकडे पाहिलं. जुनं भांडण ठाऊक असलेले आता आम्ही दोघंच उरलो होतो.

मंगरू पायाचा काटा काढत होता. म्हणाला, “दुलारीबाईच्या घरचा लिहा.”

मी खूश व्हायला पाहिजे होतं. पण फुकट कोणी झाड सोडतं का? दुसऱ्या सकाळी मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“कायले सोडलंस?”

“काय सोडलं?”

“झाड. तुझ्या बापाचं होतं म्हणून भांडला होता ना जागेश्वर?”

त्यानं खराटा थांबवला. “बापाजवळ चकमक होती, बाई. पाला दवानं ओला. तो चकमकीची ठिणगी पाडत बसला, पाडत बसला, पेटेच ना. तुमचे सासरे माचिस घेऊन आले.” आणि तो हसला. “आता माचिसही बंद अन् चकमकही बंद. मंग भांडू कायच्यासाठी?”

म्हणजे जागेश्वर सासऱ्यांच्या आधी आला होता. खालीच बसून होता. आणि मी त्याला पन्नास वर्षं खोटा धरून चालले होते.

त्या साली नागपूरहून काही पोरं टेप घेऊन आली आणि झाडांचे घेर मोजून गेली. गावाचा धूर जंगल पिऊन टाकतं, वर थोडी तहान उरते, असं शालीकरामनं आम्हाला समजावलं. आग नव्हती म्हणून माझ्या मोहाजवळ दोन कोवळी रोपं उगवली होती. मंगरूनं त्या पोरांना विचारलं, “हे मोजले का?” ती म्हणाली, फार लहान आहेत. तेव्हापासून तो रोपांना बोरीच्या काट्या लावू लागला.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. दुसरीपर्यंतच शिकलेली बाई मी, पण बोलले. जुनं भांडण सगळं सांगितलं आणि म्हणाले, “शालीकराम, नाल्यावरच्या मोहापुढे दोन नावं लिही. फुलं अर्धी अर्धी.” तिलक माझ्याकडे असा पाहू लागला, जशी मी त्याची बांधी विकून आले.

मंगरू मागून म्हणाला, “मंग आता अर्धंच झाडू का, बाई?”

सभा पोट धरून हसली. पण माझ्या मनात तेही राहिलं. दोन नावं झाल्यावर हा खरंच अर्धं तर झाडत नाही, म्हणून मी रोज जाऊन पाहू लागले.

दोन हजार सोळाच्या चैत्रात तो आठ दिवस खोकत होता. मी म्हटलं, “झाडणं राहू दे गा.” तो हो म्हणाला. एका दुपारी रुख्मा धावत सांगत आली, मंगरू जेवता जेवता आडवा झाला तो उठलाच नाही.

त्या सकाळीही मी मोहाखाली गेले होते. आज नसेल झाडलं, निदान नाल्याकडची बाजू तरी राहिली असेल, म्हणून मुद्दाम फिरून पाहिलं. राहिली नव्हती. गोल पुरा होता. रोपांच्या काट्या सरळ केलेल्या होत्या, पाला खड्ड्यात होता, आणि खराटा रोजच्यासारखा खोडाला टेकवलेला होता.