फिलिपने रंगवलेली अजगराची पेटी

ठाण्याजवळच्या कोपरीतल्या फिलिप सुताराला कशाकशाचं भय वाटत नाही ते सांगणं सोपं होतं, कारण अशा गोष्टी फार थोड्या. बाप खाडीत चालणाऱ्या होड्या बांधायचा. हा पाण्यालाच भ्यायचा, म्हणून होड्या सोडून दारं-खिडक्या आणि खाटा करू लागला. आगगाडी येऊन एक पिढी उलटली, तरी रूळ ओलांडताना तो बायकोच्या लुगड्याचं टोक धरून चाले. कुणाला 'नाही' म्हणायचं तर त्याच्या घशाला कोरड पडे. पुढचं सगळं घडलं ते या शेवटच्या भित्रेपणामुळेच.

हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी त्याचा मेहुणा पर्सी पाठीवर पोतं घेऊन आला. पर्सी कल्याणला इंजिनात कोळसा टाकायच्या कामावर होता.

"भाऊजी, सागाची पेटी करायची हाय. हा तिच्यात ऱ्हाणार," तो म्हणाला आणि त्याने पोतं ओसरीवर ठेवलं. पोतं आपोआप हललं.

ठाकुर्लीपाशी रुळांकडेची झाडी तोडताना मजुरांना अजगर सापडला होता. मनगटाहून जाड, माणसाच्या उंचीहून लांब. मुंबईचा कुणी साहेब असली जनावरं पाळून त्यांचा अभ्यास करायचा, आणि पर्सीने त्याला हा अजगर द्यायचा परस्पर शब्द देऊन टाकला होता. साहेब परगावी गेलेला. तो नाताळानंतर यायचा होता.

"अरे, घरात यांची आई हाय," फिलिपची बायको उर्सुला भावावर कडाडली. "तिला धड दिसत नाय. आणि तू अजगर आणतोस?"

"विष नसते गं त्याला."

"विष नसते. पण आवळतो ना?"

पर्सीला गाडी गाठायची होती. फिलिपच्या जिभेवर 'नाही' आलं आणि तिथंच वाळून गेलं.

पेटी मात्र त्याने इतकी भक्कम केली की तेवढी भक्कम खाटही त्याने जन्मात कुणाला करून दिली नव्हती. हात भीतीनेच चालत होते. फळ्या जाड, सांधे घट्ट, झाकणाला दोन कड्या, हवेसाठी बोटही शिरणार नाही एवढीच भोकं. एवढ्यानेही त्याचं समाधान होईना. लाकूड ओलं होऊन कुजलं तर? कुजून फळी सुटली तर? म्हणून त्याने होड्यांच्या तळाला लावतात ते डांबर आणलं आणि आतून जाड थर फासला. बाहेरून टर्पेंटाईन घातलेला हिरवा रंग दिला. पोतं ओसरीवर आहे तोवर डोळ्याला डोळा लागणार नव्हता. डांबर पुरतं सुकलंही नव्हतं तेव्हा त्याने पोत्याचं तोंड पेटीवर उलटं केलं, झाकण दाबलं आणि कड्या लावल्या.

दुपारी उर्सुलाने भोकातून पाहिलं आणि हाक मारली. "अवो, हे बघा याला काय झालं."

फिलिपने लांबूनच मान वाकवली. अजगराचा जबडा उघडा होता. टोपलीत टाकलेला मासा जसा तोंड उघडतो-मिटतो, तसा तो करत होता. डोकं एका बाजूला कललेलं. तोंडाशी फेसाळ लाळ. अंगावर जागोजाग डांबराचे काळे डाग.

"बंद पेटीत वास कोंडला," उर्सुला म्हणाली. "मला बाहेर उभं ऱ्हाऊन गरगरते. त्याचं काय होत असेल!"

तिनेच त्याला गोणपाटात धरून बाहेर काढलं आणि खोबरेल तेलाच्या बोळ्याने डाग पुसले. फिलिप खांबाला धरून उभा होता. अजगर मेला तर बरं होईल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. आणि लगेच तो उघडा जबडा बघून त्याने मान फिरवली. हे आपल्या हातांनी झालंय, एवढं त्याला कळत होतं.

जनावर सावरलं. पेटी पुन्हा नीट होईपर्यंत त्याला ठेवायला घरात एकच जागा होती, तांदळाचा रिकामा रांजण. तोंडावर फळी, फळीवर पाटा.

फिलिपने पेटीवर रंधा चालवला. पण डांबर लाकडाच्या पोटात उतरलं होतं. कितीही खरवडलं तरी ऊन लागताच वास यायचा. अखेर त्याने आतल्या फळ्या काढून टाकल्या आणि नव्या बसवल्या. खिळ्यांची टोकं कानशीने घासली, कडा काचेच्या तुकड्याने गुळगुळीत केल्या. आता आत रंग नाही, डांबर नाही. नुसतं जवसाचं तेल, तेही फडक्याने चोळून चोळून, लाकूड पिईल तेवढंच. तेलाचा एक हात सुकला की मगच दुसरा. बाहेरचा हिरवा रंगही त्याने सगळा खरवडून काढला आणि तिथंही तेलच दिलं. पेटी अंगणात उन्हात उघडी ठेवायची, संध्याकाळी दव पडायच्या आत ओसरीवर घ्यायची.

पण दिवस थंडीचे. तेल सुकता सुकेना. रोज फिलिप पेटीत बोट लावून बघे आणि बोट चिकटे. जोवर ते चिकटत होतं तोवर अजगर घरात होता, मातीच्या एका भांड्यात, पाट्याखाली. पाटा हलला तर नाही? फिलिप जेवता जेवता उठून बघायचा. मग फळी किंचित सरकवून जनावर आत आहे ना तेही बघायचा. उर्सुला म्हणायची, "सारखं उघडू नका. तुमच्या बघण्यानेच सुटेल तो एक दिवस."

तसंच झालं. रविवारी उर्सुला तळ्याजवळच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेला गेली. फिलिप आईजवळ मागे राहिला. त्याने रांजणाची फळी सरकवून पाहिली, पुन्हा लावली, आणि पाटा वर ठेवायचा राहून गेला. अंगणात जाऊन त्याने पेटीचा वास घेतला. परत आला तर फळी खाली पडलेली, रांजण रिकामा.

त्याने वर बघितलं, कौलांखाली. चुलीमागे बघितलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईची हाक आली.

"फिलिप, माझ्या पायाशी ही गार गोणी कुनी ठेवली रे? चांगली जड हाय."

आईच्या, म्हणजे जॉर्जिना म्हातारीच्या, खाटेखाली शेगडी असायची. घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. फिलिप दारात पोचला. गोधडी आईच्या गुडघ्यांपाशी फुगली होती, आणि तो फुगा हळूहळू वर सरकत होता.

"आई, हलू नको," तो म्हणाला. आपला आवाज त्याला ओळखू आला नाही. "गोणीच हाय. मी काढतो."

"मग काढ ना. उभा काय ऱ्हायलास?"

कुंपणापलीकडे शेजारचा गुणाजी होता. हाक मारली असती तर तो दांडा घेऊन धावला असता. पण दांडा पडणार होता तो आईच्या पायांवर. फिलिपने गोधडीचं टोक उचललं. दात एकमेकांवर आपटत होते. ते म्हातारीला ऐकू जाऊ नयेत म्हणून त्याने जबडा आवळला. मग मानेमागे एक हात आणि पोटाखाली दुसरा घालून त्याने अजगर उचलला. अंग बुळबुळीत असेल असं त्याला वाटलं होतं. ते कोरडं होतं, शेगडीने कोमट झालेलं. शेपटीने त्याच्या दंडाला वेढा घातला आणि वेढा घट्ट झाला.

तसाच तो अंगणात आला. गुणाजीने कुंपणावरून पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"अरे फिलिप! टाक, टाक पेटीत! झाकण लाव!"

पेटी समोर उघडी होती. फिलिप तिच्यावर वाकला. तेलाचा उग्र दर्प नाकात शिरला. त्याने कोपरानेच तळाची फळी दाबून पाहिली. कोपर चिकटलं.

"टाक ना रे! आवळेल तो तुला!"

"सुकली नाय अजून," फिलिप म्हणाला.

"मरू दे ना मेला तर!"

फिलिप पेटीपासून मागे सरला. तो पायरीवर बसला. मानेमागचा हात सोडायची सोय नव्हती आणि दंडावरचा वेढा सुटत नव्हता. रांजणात घातला असता तरी वर फळी आणि पाटा ठेवायला तिसरा हात नव्हता. बोटं बधिर झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. जेवढी येत होती तेवढी प्रार्थना त्याने म्हटली, संपली की पुन्हा पहिल्यापासून. अजगराची जीभ मधूनच त्याच्या मनगटाला लागे आणि प्रत्येक वेळी त्याला वाटे, आता आपण मरणार. आतून आई विचारत होती, "गोणी कुठं नेलीस? बरी वाटत होती."

उर्सुला देवळातून आली आणि तशीच घरात धावली. तिने कोंबड्या बाजारात नेतात तो झाकणाचा हारा आणला, शेपटीकडून वेढा उलगडला, जनावर आत घातलं आणि झाकण काथ्याने बांधलं. मग नवऱ्याचा हात आपल्या मांडीवर घेऊन ती बराच वेळ चोळत राहिली.

"पेटीत टाकला असता तर काय झालं असतं?" तिने विचारलं.

"परत तसं तोंड उघडलं असतं त्याने," फिलिप म्हणाला. "ते मला बघवलं नसतं."

पुढे ऊन चांगलं तापलं. बोट चिकटायचं थांबलं, तरी फिलिपला भरवसा वाटेना. त्याने पेटीत डोकं घातलं आणि उर्सुलाला वरून झाकण टेकवायला लावलं. आतल्या अंधारात त्याचं काळीज धडधडत होतं. तो श्वास घेत राहिला. डोकं जड झालं नाही, डोळे चुरचुरले नाहीत. नुसता सागाचा वास. तेव्हा कुठे अजगर पेटीत गेला, वेटोळं करून कोपऱ्यात निजला, आणि दोन दिवसांनी पाणीही प्यायला.

नाताळानंतर पर्सी आला. तिघांनी मिळून पेटी ठाण्याच्या स्टेशनवर नेली, गार्डाच्या डब्यात चढवली. "साहेब खूश होणार," पर्सी म्हणाला. "असलाच अजून एक मिळाला तर..."

"नाही," फिलिप म्हणाला.

शब्द इतका मोठ्याने आला की तो स्वतःच दचकला. पर्सी हसायला गेला, पण बहिणीचा चेहरा बघून गाडीत चढला.

गाडी सुटली. घरी परतताना अर्ध्या वाटेत फिलिपचे पाय असे लटपटू लागले की तो रस्त्याकडेला चिंचेखाली बसला. उर्सुला शेजारी उभी राहिली. जाणाऱ्या-येणाऱ्यांना सांगत होती, "काय नाय, जरा दमले." थोड्या वेळाने तिने हात पुढे केला, आणि तो धरून तो उठला.