जोडीचा वाढदिवस

आमच्या घराण्यात वाढदिवस कोणी आणला, हे मी छातीठोकपणे सांगू शकते : शाळेच्या हेडमास्तरांनी. त्याआधी आमच्यात माणसं जन्मायची, पण तारखेला जन्मत नसत. जुना पूल पडला त्या वर्षी बाबा झाले, नवा बांधला त्या वर्षी आत्या. मधे दोन वर्षं.

बाबा एकटे शाळेत जाईनात. दारातच लोळण घ्यायचे. म्हणून आजोबांनी आत्यालाही सोबत नेलं. ती वर्गात बसायला लहान, बाबा अंमळ मोठे. हेडमास्तरांनी मधला मार्ग काढला. बाबांचं वय वर्षाने कमी केलं, आत्याचं वर्षाने वाढवलं आणि दोघांपुढे एकच तारीख लिहून टाकली. आजोबांना वाटलं, काय हुशार माणूस! पुढे घरात केक आणि मेणबत्त्या आल्या, तेव्हा त्याच तारखेला वाढदिवस होऊ लागला. केकवर नाव बाबांचं. आत्या ताटल्या विसळायची. "अरे, तिचाही आहे की आज," असं कोणीतरी दरवर्षी म्हणायचंच, केक संपल्यावर.

आत्या इस्पितळाच्या धुलाईघरात लागली. तेहेतीस वर्षं तिने रक्ताच्या चादरी वेगळ्या काढल्या. ओली गाठोडी उचलून खांदा कामातून गेला, पण तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही. "डॉक्टर माणसं बरी करतात, चादरी कोण बऱ्या करतं?" असं म्हणायची. तिला मुकादम व्हायचं होतं. तिथे बाई कधी मुकादम झाली नव्हती. आताचे मुकादम चार महिन्यांनी जाणार होते आणि पुढचा नंबर आत्याचाच होता. पण कागदावर तिची निवृत्तीची अठ्ठावन्न वर्षं त्याआधीच भरत होती.

कचेरीतल्या बाई भल्या होत्या. "खऱ्या वयाबद्दल थोरल्या भावाचा लेखी जबाब आणा, मग बघू," म्हणाल्या.

आत्या कागद घेऊन घरी आली. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"अगं, तू धाकटी ठरलीस की मी थोरला ठरतो. म्हणजे निवृत्तीचं वय उलटल्यावरही मी वर्षभर जास्त नोकरी केली. माझ्यामागे चौकशी लागेल."

"केलीसच ना, दादा?"

"कागदावर आहे तेच खरं."

"आईच्या पोटी कागद नाही जन्मला. आपण जन्मलो."

बाबांनी सही न करता कागद तिच्या हातात परत दिला. मी तिथेच चहा घेऊन उभी होते. मी तोंड उघडलं नाही, हेही सांगून टाकते.

तारीख उजाडली. बाबांचा निरोप समारंभ आणि वाढदिवस घरी एकत्रच होता. त्यांचे साहेबही आले. यंदा केकवर दोघांची नावं होती, बाबांनी मुद्दाम घालून घेतलेली. आत्या येणार नाही, असं मला वाटलं होतं. ती आली.

साहेब हसत म्हणाले, "जुळी भावंडं का? ताई तर बऱ्याच लहान दिसतात. किती पूर्ण झाली, ताई?"

बाबांच्या हातातली सुरी तिथेच थांबली. मी मनात म्हटलं, बोल. एकदाचं बोलून टाक.

"अठ्ठावन्न," आत्या म्हणाली. "जुळीच आहोत आम्ही."

बाबांनी केकचा भला मोठा तुकडा कापून तिला भरवला. ती तो मुकाट्याने चावत राहिली. बाबांना इतकं हायसं वाटलेलं दिसत होतं, की मला त्यांच्याकडे बघवेना.